विषम कृष्णविवरांचा पेच : गुरुत्वीय लहरींची मोजदाद गणिताच्या भरवशावर

गुरुत्वीय लहरींचा पहिला थेट वेध घेतला गेला, त्या घटनेला १४ सप्टेंबर २०२५ रोजी दहा वर्षे पूर्ण झाली. या दशकात अमेरिकेतील लायगो, इटलीतील व्हर्गो आणि जपानमधील काग्रा या वेधशाळांच्या नोंदींतून दोनशेहून अधिक टकरींचे संकेत हाती आले. दशकपूर्तीच्या निमित्ताने या यंत्रांच्या संवेदनक्षमतेचे भरपूर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्याआधी दोनच महिने, जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका नोंदीने या शास्त्राच्या दुसऱ्या, फारशा चर्चेत नसलेल्या बाजूकडे लक्ष वेधले.

ही नोंद २३ नोव्हेंबर २०२३ रोजी टिपलेल्या संकेताची. सूर्याच्या सुमारे १३७ पट आणि १०३ पट वस्तुमान असलेली दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली आणि सुमारे २२५ पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर तयार झाले, असा निष्कर्ष काढण्यात आला. आजवरची ही सर्वांत वजनदार जोडी म्हणून बातमी सर्वत्र झळकली. त्या निष्कर्षासोबत शास्त्रज्ञांनी दिलेला इशारा मात्र बातमीत मागे पडला. एकाच संकेताचे विश्लेषण वेगवेगळ्या गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने केले असता उत्तरे एकसारखी येत नव्हती. यंत्राने टिपलेली थरथर तीच होती. तिचा अर्थ लावणारी गणिते परस्परांशी सहमत नव्हती. त्यामुळे वस्तुमानाच्या आकड्यांभोवतीची अनिश्चितता मोठी ठेवावी लागली.

या जोडीतील दोन्ही कृष्णविवरे अतिशय वेगाने स्वतःभोवती फिरत असावीत आणि तिथे अडचण मुख्यतः त्या परिवलनाची होती. परंतु प्रतिमाने अडखळण्याची दुसरी, तितकीच मोठी आणि अधिक जुनी जागा आहे, ती विषम जोड्यांची. एक कृष्णविवर मोठे आणि दुसरे त्याच्या मानाने फारच लहान असेल, तर त्यांच्यापासून निघणाऱ्या लहरींचे नेमके रूप कसे असेल, हे सांगणे आजही सोपे नाही. गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर झालेले काम म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखे आहे.

गुरुत्वीय लहर पृथ्वीपर्यंत पोहोचते तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान असतो. जमिनीची कंपने, आरशांची उष्णता, लेसर किरणांची स्वतःची चलबिचल या सर्वांच्या गोंगाटात तो दडलेला असतो. तो शोधण्याचा मार्ग म्हणजे येणारी लहर कशी दिसेल याचे साचे आधी गणिताने तयार करून ठेवायचे आणि यंत्रातील नोंद या साच्यांशी पडताळून पाहायची. ही पद्धत कृष्णविवरांच्या व न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्यांसाठी विकसित करण्यात पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली, म्हणजे पहिला संकेत मिळण्याच्या जवळपास पाव शतक आधी, या दिशेने महत्त्वाचे काम केले होते. साचा चुकीचा असेल तर दोन गोष्टी घडू शकतात. संकेत हातातून निसटतो. किंवा सापडतो, परंतु त्यावरून काढलेले वस्तुमान, अंतर आणि परिवलन चुकते. दुसरा धोका अधिक फसवा, कारण चुकीचे उत्तरही आकड्यांच्या रूपात तितकेच ठाम दिसते.

साचे तयार करण्यासाठी आइन्स्टाइनची समीकरणे सोडवावी लागतात आणि दोन कृष्णविवरांसाठी ती कागदावर सुटत नाहीत. त्यामुळे प्रश्नाचे तुकडे करण्यात आले. दोन्ही कृष्णविवरे एकमेकांपासून दूर असताना, न्यूटनच्या नियमांत क्रमाक्रमाने सुधारणा करत जाणारी पद्धत चालते. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांनी फ्रान्सच्या ल्यूक ब्लांशे, थिबो दामूर आदी शास्त्रज्ञांसमवेत १९९५ साली या गणितात मोलाची भर घातली. विलीनीकरणानंतर नवे कृष्णविवर घंटेसारखे नादत शांत होते. तो नाद कसा असेल हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते. या दोहोंमधील प्रत्यक्ष टकरीचा क्षण मात्र महासंगणकाच्या हवाली करावा लागतो. तसा पहिला प्रयत्न १९६४ साली सुझन हान आणि रिचर्ड लिंडक्विस्ट यांनी केला. यश यायला २००५ साल उजाडले. त्या वर्षी फ्रान्स प्रिटोरियस यांनी दोन कृष्णविवरांची शेवटची फेरी, टक्कर आणि नंतरचा नाद हे सारे एका सलग गणनेत बसविले. काही महिन्यांतच अमेरिकेतील आणखी दोन गटांनी वेगळ्या पद्धतीने तेच साध्य केले.

हे यश प्रामुख्याने समसमान जोड्यांचे होते. पहिला संकेतही सुदैवाने तशाच जोडीचा निघाला : सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट.

फुगडीचा तोल

समसमान आणि विषम जोडीत फरक का पडतो, हे समजण्यासाठी फुगडीचे उदाहरण पुरेसे आहे. एकाच वयाच्या दोन मुली फुगडी घालतात तेव्हा फिरण्याचा मध्य दोघींच्या बरोबर मधोमध असतो आणि अर्धी गिरकी झाली की चित्र पुन्हा पहिल्यासारखे दिसते. आई आणि लहान मूल फुगडी घालू लागले की आई जवळपास जागच्या जागी वळते, मूल तिच्याभोवती गरगरते आणि पूर्ण गिरकी झाल्याखेरीज चित्र पूर्ववत होत नाही. कृष्णविवरांच्या जोडीत याचा परिणाम लहरींच्या स्वरांवर होतो. समसमान जोडीतून मुख्यतः प्रदक्षिणेच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर निघतो. जोडी विषम असेल तर तिप्पट वारंवारतेचा स्वरही ऐकू येऊ लागतो. दुप्पट आणि तिप्पट यांचे प्रमाण दोनास तीन, म्हणजेच संगीताच्या भाषेत षड्ज आणि पंचम. तंबोऱ्याच्या तारा छेडणाऱ्याला हे नाते वेगळे सांगण्याची गरज नाही.

१२ एप्रिल २०१९ रोजी हा पंचम प्रथमच स्पष्टपणे ऐकू आला. सूर्याच्या सुमारे ३० पट आणि ८ पट वस्तुमानाची ती जोडी होती. चारच महिन्यांनी, १४ ऑगस्ट २०१९ रोजी, त्याहून विलक्षण संकेत आला. सुमारे २३ पट वस्तुमानाच्या कृष्णविवरात अवघ्या २.६ पट वस्तुमानाची एक वस्तू विलीन झाली होती. वस्तुमानांचे गुणोत्तर जवळपास नऊास एक होते.

ही लहान वस्तू नेमकी काय होती, याचा उलगडा झालेला नाही. ज्ञात न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मानाने ती फार जड आणि ज्ञात कृष्णविवरांच्या मानाने फार हलकी. या वादात सारा भर तिच्या वस्तुमानाच्या अचूकतेवर आहे. ते २.५९ असून त्यातील अनिश्चितता एकदशांशाहूनही कमी असल्याचे २०२० साली जाहीर करण्यात आले. इतका नेमका आकडा काढता आला तो अतिरिक्त स्वरांमुळे आणि ते स्वर अचूक वर्तविणाऱ्या प्रतिमानांमुळे. एरवी दूरची, आपल्याकडे तोंड करून फिरणारी जोडी आणि जवळची, कडेने दिसणारी जोडी यांचे संकेत जवळपास सारखेच भासतात. दुसरा स्वर ऐकू आला की ही गल्लत बऱ्याच अंशी दूर होते, अंतर अधिक नेमके कळते. याचाच अर्थ असा की, प्रतिमानातील पंचम किंचित बेसूर असेल, तर अंतर आणि वस्तुमान दोन्ही बिघडतील.

शोधाच्या पहिल्या पायरीवरही याचा परिणाम होतो. वेधशाळांच्या प्रचलित शोधपद्धतीत बराच काळ केवळ मुख्य स्वराचे साचे वापरले गेले. २०२३ साली प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेतील दिग्विजय वाडेकर आणि सहकाऱ्यांनी अतिरिक्त स्वरांचा समावेश असलेले साचे घेऊन जुन्याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आधीच्या यादीत नसलेले काही संभाव्य संकेत त्यांना आढळले. विषम जोड्या विश्वात दुर्मिळ आहेत की त्या आपल्या साच्यांतून निसटत आल्या आहेत, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू राहत नाही.

विषमतेचा आणखी एक परिणाम आहे, तोही केवळ गणितानेच कळलेला. तोल एका बाजूला कललेला असल्यामुळे लहरी सर्व दिशांना सारख्या जात नाहीत आणि विलीनीकरणानंतर नव्या कृष्णविवराला उलट दिशेने धक्का बसतो. स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवरांसाठी हा धक्का सर्वाधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे १७५ किलोमीटर असतो आणि तो अगदी विषम जोडीत नव्हे, तर पावणेतीनास एक या प्रमाणाच्या आसपास बसतो, असे २००७ साली महासंगणकाच्या साहाय्याने दाखविण्यात आले. ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छातून बाहेर फेकले जाण्यास एवढा वेग पुरेसा आहे. फेकले गेलेले कृष्णविवर पुढे दुसऱ्या जोडीत सामील होऊ शकत नाही आणि कृष्णविवरांच्या वंशावळीची ती शाखा तेथेच खुंटते.

दोन किनारे

महासंगणकाने समसमान जोड्यांचा प्रश्न सोडविला, मग विषम जोड्यांचा का सुटू नये? अडचण हिशेबाची आहे. लहान कृष्णविवर टिपण्यासाठी गणनेची जाळी बारीक विणावी लागते आणि जाळी जितकी बारीक तितके काळाचे पाऊल लहान टाकावे लागते. शिवाय जोडी विषम असेल तर लहरींतून ऊर्जा सावकाश जाते, त्यामुळे टक्कर होण्यापूर्वीच्या फेऱ्याही वाढतात. म्हणजे अधिक फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत अधिक पावले. ढोबळ मानाने, गुणोत्तर दहापट झाले की खर्च शंभरपट होतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील कार्लोस लुस्तो आणि जेम्स हिली यांनी २०२० साली १२८ ास १ या गुणोत्तराच्या जोडीच्या शेवटच्या तेरा फेऱ्यांची गणना पूर्ण केली. तो एक विक्रमच मानला गेला. नित्याच्या वापरासाठी लागणारे शेकडो साचे मात्र अशा विक्रमांतून तयार होत नाहीत. नऊास एक गुणोत्तराच्या त्या २०१९ च्या संकेतासाठी देखील, पंधरा गुणोत्तरापर्यंत चालणारे खास प्रतिमान महासंगणकीय गणनांतून २०२२ साली बेतावे लागले.

याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर क्षोभ सिद्धांत आहे. १९५७ साली तुलियो रेजे आणि जॉन व्हीलर यांनी त्याची पायाभरणी केली. यात लहान वस्तू बिंदुमात्र मानली जाते आणि मोठ्या कृष्णविवराच्या अवकाशात तिच्यामुळे उठणारा किंचित क्षोभ मोजला जातो. हत्तीच्या पाठीवर बसलेल्या चिमणीचा विचार करावा तसा. गणना स्वस्त आणि अचूक. मात्र चिमणी खरोखरच चिमणी असेल तरच. दहास एक, पाचास एक अशा गुणोत्तरांना ही पद्धत लागू पडणार नाही, असेच अनेक दशके गृहीत धरण्यात आले होते. त्यामुळे एका किनाऱ्यावर महासंगणक, दुसऱ्या किनाऱ्यावर क्षोभ सिद्धांत आणि मधले पात्र कोरडे, अशी स्थिती होती.

या मधल्या भागाबाबतचे गृहीतक गेल्या पंधरा वर्षांत हादरले. २०११ साली अलेक्झांडर ल तिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी वाटणारी तुलना केली. कक्षेतील सर्वांत जवळचा बिंदू दर फेरीगणिक किती पुढे सरकतो, हे त्यांनी दोन्ही पद्धतींनी तपासले. बुध ग्रहाच्या बाबतीत हेच सरकणे शतकाला ४३ विकला इतके जास्तीचे असते आणि १९१५ साली त्याचे स्पष्टीकरण देऊन आइन्स्टाइनने आपल्या सिद्धांताची पहिली परीक्षा उत्तीर्ण केली होती. ल तिएक यांच्या तुलनेत असे दिसले की, क्षोभ सिद्धांतातील एक राशी बदलली की त्याची उत्तरे महासंगणकाच्या उत्तरांशी अगदी समसमान जोडीपर्यंत जुळतात.

ही राशी कोणती, हे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. क्षोभ सिद्धांतात लहान वस्तुमानाला मोठ्या वस्तुमानाने भागून येणारी संख्या 'सूक्ष्म' मानली जाते. दोन्ही वस्तुमाने सारखी असतील तर ती १ होते आणि १ ही संख्या सूक्ष्म म्हणता येत नाही. त्याऐवजी दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेच्या वर्गाने भागले, तर येणारी संख्या कधीच पावपेक्षा मोठी होत नाही. दहास एक जोडीसाठी ती सुमारे एक-बारांश इतकी भरते. मोठा कोण आणि लहान कोण याची अदलाबदल केली तरी ती तीच राहते. निसर्गाला मोठ्या-लहानाचा भेद ठाऊक नसतो, तो आपण सोयीसाठी केलेला असतो. सूत्र त्या सोयीतून मोकळे करताच त्याचा पल्ला वाढला, असे म्हणता येईल.

अमेरिकेतील गौरव खन्ना, स्कॉट फील्ड, विजय वर्मा, तौसीफ इस्लाम आदी संशोधकांनी हीच दिशा पुढे नेली. २०२० आणि २०२२ साली त्यांनी जी प्रतिमाने मांडली, त्यांत क्षोभ सिद्धांतातून निघालेली तरंगाकृती घेऊन तिची उंची आणि काळमोजणी थोडी कमी-अधिक ताणली जाते. किती ताणायची, हे महासंगणकाच्या मोजक्या गणनांशी ताडून ठरविले जाते. यापैकी दुसऱ्या प्रतिमानाचा आवाका अडीचपासून दहा हजारांपर्यंतच्या गुणोत्तरांचा आहे. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा हा पहिला व्यवहार्य सेतू म्हणावा लागेल. महागड्या महासंगणकाला पर्याय शोधण्याची खन्ना यांची हातोटी जुनीच आहे. २००७ च्या सुमारास त्यांनी प्लेस्टेशन-३ ही मुलांच्या खेळाची यंत्रे एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणिते सोडविण्यास सुरुवात केली होती.

तथापि ताणून जुळविणे आणि मुळातून समजणे यांत अंतर आहे. जुळणी ज्या पट्ट्यात तपासली गेली, त्याबाहेर ती टिकेलच असे केवळ जुळली म्हणून म्हणता येत नाही. या दृष्टीने डब्लिन आणि साउदॅम्प्टन येथील बॅरी वॉर्डेल, अॅडम पाउंड, नील्स वॉरबर्टन यांच्या गटाचे काम अधिक निर्णायक वाटते. लहान वस्तू स्वतःच्याच क्षोभाने मार्गावरून ढळते. या परिणामाला स्वबल म्हणतात. त्याचे पहिल्या क्रमाचे सूत्र १९९७ सालापासून उपलब्ध होते. दुसऱ्या क्रमापर्यंत जाऊन संपूर्ण तरंगाकृती काढण्यात या गटाला यश आले आणि २०२३ साली ते प्रसिद्ध झाले. महासंगणकाशी कोणतीही ओढाताण न करता, दहास एक आणि त्याहून कमी गुणोत्तरांनाही त्यांची तरंगाकृती उत्तम जुळली. हत्ती आणि चिमणीसाठी लिहिलेले सूत्र हत्ती आणि म्हशीलाही लागू पडावे, तसेच हे झाले.

हिंगोली ते लिसा

हा तपशील केवळ तज्ज्ञांच्या समाधानाचा नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत ती पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. भारतातील यंत्रामुळे संकेत आकाशात कोठून आला हे कितीतरी नेमके कळेल. परंतु यंत्रे जसजशी संवेदनक्षम होतील तसतशी प्रतिमानांची त्रुटी उघडी पडेल. गोंगाट मोठा असतो तोवर साच्यातील लहान दोष त्यात लपून जातो. गोंगाट घटला की तोच दोष मोजमापावर स्वार होतो. यापुढील पिढीच्या वेधशाळांसाठी आजच्या प्रतिमानांतील त्रुटी किमान हजारपटीने आणि महासंगणकीय गणनांतील त्रुटी दहापटीने कमी व्हावी लागेल, असा अंदाज मायकेल प्यूरर आणि कार्ल-योहान हास्टर यांनी २०२० साली मांडला होता.

भारताची या क्षेत्रातील परंपरा यंत्रांपेक्षा गणिताचीच अधिक आहे. विश्वेश्वरा, अय्यर, धुरंधर यांच्यानंतर बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्रातील परमेश्वरन अजित यांचे नाव घ्यावे लागेल. आज जगभर वापरात असलेल्या प्रतिमानांच्या एका मोठ्या कुळाची सुरुवात २००७ साली ज्या संशोधनातून झाली, त्याचे ते प्रमुख लेखक होते. वेधशाळेच्या इमारतीसाठी आणि लेसरसाठी निधीची तरतूद दिसते, तशी साचे घडविणाऱ्या मनुष्यबळासाठी व संगणकासाठी ठळकपणे दिसत नाही. हिंगोलीचे यंत्र सुरू होईल तेव्हा त्याच्या नोंदींचा अर्थ लावणारी प्रतिमाने कोठे तयार झालेली असतील, हा प्रश्न म्हणूनच आताच विचारण्याजोगा आहे.

विषम जोड्यांची खरी कसोटी मात्र अवकाशात लागेल. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये लिसा मोहिमेला अंतिम मान्यता दिली. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावर राहणारी तीन याने २०३५ साली सोडण्याचे नियोजन आहे. आकाशगंगांच्या केंद्रांतील लाखो सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांत पडणारी दहा-वीस सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे लिसाला ऐकू येतील. अशा जोडीच्या शेवटच्या वर्षातच लहरीची सुमारे एक लाख आवर्तने होतात आणि साचा त्यातील एकाही आवर्तनाने चुकून चालणार नाही. पहिल्या क्रमाचे स्वबल येथे अपुरे पडते, दुसरा क्रम अनिवार्य ठरतो. दुसऱ्या क्रमाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तरंगाकृती स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवरांच्या आणि वर्तुळाकार कक्षांच्या होत्या. लिसाच्या टप्प्यात येणारी महाकाय कृष्णविवरे बहुतांशी वेगाने फिरणारी असतील आणि त्यांच्यात पडणाऱ्या लहान कृष्णविवरांच्या कक्षा लांबट व कललेल्या असतील, अशी अपेक्षा आहे.